लपवलेल्या डब्याचा खेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्याचे नाव जिओकॅशिंग. पहिली अडचण नावातच आहे. आपल्याकडे कॅश म्हटले की रोकड आठवते. कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात कुणी 'कॅश शोधा' असा फलक लावला, तर गर्दी होईल खरी. पण पाचच मिनिटांत ती चिडून निघूनही जाईल. इथला कॅश हा शब्द निराळा आहे. शिकारी आणि प्रवासी मंडळी पुढच्या फेरीला लागणारे सामान रानात दडवून ठेवत, त्या दडवलेल्या साठ्याचा हा शब्द, मूळचा फ्रेंच. आपल्या जुन्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही, कारण जमिनीत धान्य साठवायचे पेव त्याला माहीत असते. फरक एवढाच, की पेव कुठे आहे ते घरच्यांनाच ठाऊक असे. या खेळात ते सगळ्या जगाला सांगून टाकायचे आणि तरीही सहज सापडू द्यायचे नाही. म्हणून जत्रेत किंवा मेळाव्यात हा खेळ मांडायचा असेल तर फलकावर सरळ 'लपवलेला डबा' असे लिहावे.

खेळ साधा आहे. कुणीतरी एका जागी एक डबा लपवतो. डब्यात एक वही असते, पेन्सिल असते, कधी चारदोन किरकोळ वस्तू असतात. लपवणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. शोधणारा मोबाइलच्या मदतीने तिथे पोहोचतो, डबा हुडकतो, वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवून देतो. आतली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याची वस्तू ठेवायची नाही. मुंग्या लागतात, जनावरे डबा फोडतात. आणि खड्डा खणून डबा पुरायचा नाही, हा या खेळाचा पक्का नियम आहे. आपल्या काळ्या जमिनीत तर उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात, की छोटी डबी न पुरताच गडप व्हायची!

या खेळाचा जन्म अगदी तारखेनिशी सांगता येतो. उपग्रहावरून ठिकाण सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकी सैन्याची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे सुमारे शंभर मीटरचा फरक पडे. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने ती चूक काढून टाकली आणि फरक दहा-वीस मीटरांवर आला. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना शोधायला सांगितले. बादलीत पुस्तके होती, गलोल होती आणि बीन्सचा एक हवाबंद डबाही होता. काही दिवसांतच ती सापडली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. भारतात मात्र ते फारच थोडे.

पण खुणेवरून जागा शोधण्याचा नाद त्याहून जुना आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ साली एका वाटाड्याने दूरच्या जागी बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणाऱ्यांनी तीत आपले नावाचे कार्ड टाकायची रीत पडली. आणि आपण कशाला डार्टमूरला जायचे? महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' घ्या. चक्रधरस्वामी जिथे जिथे बसले, राहिले, त्या जागा अमुक देवळाच्या अमुक दिशेला, अशा खुणांनी तीत नोंदवून ठेवल्या आहेत. चौदाव्या शतकात मराठीत हे काम झाले. उपग्रह नव्हते, पण पुढच्या माणसाला नेमक्या जागी पोहोचता यावे ही तळमळ तीच.

आता आपल्या जिल्ह्यात हा खेळ लोकांपुढे न्यायचा तर कुठे? १८ मे रोजी, वर्धापनदिनी, कृषी विद्यापीठात शेतकरी मेळावा भरतो. फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असतो. शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने असतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असतात, गावोगावच्या यात्रा असतात. पण प्रत्येक ठिकाणची तऱ्हा निराळी. मेच्या उन्हात परभणीत दुपारी कुणाला मैदानभर फिरवणे म्हणजे शिक्षा. तिथे खेळ सकाळी दहाच्या आत उरकावा. उरुसात हवा चांगली असते, पण गर्दी एवढी की तिथे काहीही लपवू नये. तिथे फक्त माहितीचा स्टॉल ठेवावा आणि जिल्ह्यातल्या जागांचा नकाशा वाटावा.

नवख्या माणसापुढे भाषण करू नये, असे माझे मत आहे. (भाषणातच हे सांगतो आहे, याची मला जाणीव आहे.) उपग्रह किती, संकेत कसा येतो, हे सगळे नंतर. आधी त्याच्या हातात एक चिठ्ठी द्यावी, मैदानात शंभर पावलांवर ठेवलेला एक डबा शोधायला लावावा आणि वहीत त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहू द्यावे. नाव लिहिलेला माणूस स्टॉलवर परत येतो आणि प्रश्न तोच विचारतो. शाळेत भूगोल शिकवताना मी हेच पाहत आलो आहे. अक्षांश-रेखांश फळ्यावर काढले की वर्ग जांभया देतो. पण परभणी सुमारे १९ अंश १६ मिनिटे उत्तरेला आहे, अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १८५० मीटर आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन पावले, हे मैदानात चालून दाखवले की तोच वर्ग ऐकतो.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर काम आणखी सोपे झाले आहे. २०२१ सालापासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि मोबाइलने त्या जागेची नोंद घ्यायची, हे काम शेतकऱ्याने स्वतः करायचे. ज्याने हे केले आहे त्याला उपग्रहाची ओळख करून द्यायला आपण कोण? त्याला एवढेच सांगायचे, की ज्या यंत्रणेने तुमचा सोयाबीनचा गट ओळखला, तीच यंत्रणा तुम्हाला डब्यापर्यंत नेणार आहे.

बायका आणि मुली यांच्याविषयी एक शब्द. जत्रेत मोबाइल घेऊन हिंडणारी पोरे सहज पुढे येतात. मुली आईजवळ उभ्या राहून बघत असतात. म्हणून एकट्यादुकट्याला खेळवण्याऐवजी घरचा चमू करावा, निदान एक मोठे माणूस आणि एक मूल असा. मोबाइल मुलाकडे किंवा मुलीकडे, नजर आजीची. मोबाइल पाच मीटरपर्यंत आणून सोडतो, झाडाखाली तर त्याहून लांब. शेवटची पावले नजरेचीच असतात. रानात हरवलेली वस्तू हुडकण्यात आयुष्य गेलेली आजी तिथे नातवाला हरवते.

आता जिथे मला सगळ्यात जास्त थांबायचे आहे तो मुद्दा. परभणी स्टेशनवर उभे राहिले की सूचना ऐकू येते, बेवारस वस्तूला हात लावू नका. आपण मुलांना हेच शिकवतो, आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये याच शहरात जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी मशिदीवर बॉम्ब टाकले गेले. ज्या गावाने हे पाहिले, तिथे झुडपात डबा दडवून येणे हा खेळ होऊ शकत नाही. परदेशातही अशा डब्यांमुळे पोलीस धावत आल्याचे, रस्ते बंद केल्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा खेळ मांडणाऱ्याने काही गोष्टी आधी कराव्यात. डबा आरपार दिसणारा असावा. त्यावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूत ठळक लिहावे, की हा खेळाचा डबा आहे. खाली संयोजकांचा फोन नंबर द्यावा. जागामालकाची परवानगी घ्यावी, आणि मेळाव्याच्या आधी पोलीस ठाण्यात डब्यांची संख्या व जागा लेखी कळवाव्यात. स्टेशन, बसस्थानक, बँक, पूल, धरण, कुठलेही प्रार्थनास्थळ, शाळेच्या खोल्या, इथे डबा नकोच. आणि मुलांना स्टॉलवरच बजावून सांगावे, की चिठ्ठीत लिहिलेला, नाव असलेला डबाच उघडायचा. दुसरी कुठलीही बेवारस वस्तू दिसली तर लांब राहून मोठ्यांना सांगायचे. खेळाच्या निमित्ताने हा धडा पक्का झाला तर तोही फायदाच.

मग मैदानाबाहेर काय शोधायचे? माझे उत्तर असे, की आपल्या जिल्ह्यात डबा दडवायची गरजच नाही. दडलेल्या जागा आधीच भरपूर आहेत. मी बारवांविषयी बोलतो आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव पाहा. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत खाली जातात. अशी चक्राकार बारव महाराष्ट्रात विरळाच. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या मंदिरांच्या जोडीला बारव आहे, परभणी तालुक्यात पिंगळीला आणि आर्वीला आहे. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रपोस्टकार्डे काढली, त्यात आपल्या जिल्ह्यालाही मान मिळाला. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरच्या बारवांची ठिकाणे नकाशावर नोंदवली, आणि महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावण्याची प्रथा पाडली. नकाशावरची खूण पाहून माणसे तिथवर जातात, हेच तर जिओकॅशिंग!

जिओकॅशिंगमध्ये डबा नसलेला एक प्रकार आहेच. भूशास्त्राच्या जागांसाठी २००४ सालापासून तो चालतो. तिथे वही नसते, प्रश्न असतो. जागेवर जाऊन, नीट पाहूनच उत्तर देता येईल असा प्रश्न. बारवेला हेच लागू करावे. पायऱ्या मोजा. किती कोनाडे आहेत ते सांगा. कोणत्या दिशेने खाली उतरलात ते लिहा. उत्तर आणणाऱ्याला स्टॉलवर शिक्का मिळेल. पुरातन दगडांच्या फटीत डबा खुपसणे, खूण म्हणून रंग फासणे हे मुळीच चालणार नाही. जागेची नोंद घ्यायची ती वरच्या काठावर उभे राहूनच. खोल तळाशी मोबाइलला पुरेसे आकाश दिसत नाही आणि खूण भलतीकडेच पडते. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, कठडा बहुधा नसतो, दगडाआड विंचू-साप असतात. मुलांना एकटे पाठवू नये आणि फटीत हात घालू देऊ नये.

या खेळाच्या लोकांनी २००२ सालापासून आणखी एक रीत पाडली आहे. डबा शोधायला जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा भरून आणायचा. आपल्या बऱ्याच बारवा आज गावाच्या कचराकुंड्या झाल्या आहेत, हे मी वेगळे सांगायला नको. स्टॉलवर नकाशासोबत एक पोतेही द्यावे.

मेळाव्यातल्या डब्यांची अधिकृत संकेतस्थळावर नोंद करायची खटपट मात्र करू नये. तिथे डबा निदान तीन महिने राहावा आणि त्याची देखभाल करणारा माणूस जवळपास असावा अशी अट आहे. शिवाय दोन डब्यांत १६१ मीटरचे अंतर लागते. एका दिवसाचे डबे त्यात बसत नाहीत. ज्या गावात सांभाळणारा कुणी पुढे येईल, तिथे पुढच्या हंगामात कायमचा डबा ठेवता येईल. तोवर मेळावा संपला की संध्याकाळी उजेड असतानाच सगळे डबे गोळा करावेत, ठेवले तेवढे भरले का ते यादीशी ताडून पाहावे, आणि पोलीस ठाण्यात फोन करून कळवावे, की मैदानात आता एकही डबा नाही.