चेहरा कुणाचा, काम कुणाचं?

आज आपण फार लांबच्या मडक्यांविषयी बोलू. दक्षिण अमेरिकेत पेरू देश आहे. त्याच्या उत्तरेकडच्या समुद्रकाठी, साधारण इ. स. 100 ते 800 या काळात, मोचे नावाचे लोक राहत. पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरातून येणाऱ्या नद्यांचं पाणी पाटाने फिरवून ते मका आणि कापूस पिकवत.

त्यांच्याकडे लिपी नव्हती, कुंभाराचं चाकही नव्हतं. मग आधी मातीचा नमुना घडवायचा, त्यावरून दोन भागांचा साचा काढून भाजायचा. साच्याच्या दोन्ही भागांत ओली माती दाबायची आणि ते जोडायचे. अशी माणसाच्या डोक्याच्या आकाराची भांडी ते करत. नाक, ओठ, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, सगळं हुबेहूब. ओठावर व्रण असलेला एकच माणूस क्रिस्टोफर डॉनन या अभ्यासकांना चाळीसहून जास्त भांड्यांवर सापडला, तरुणपणापासून प्रौढ वयापर्यंत!

पण हे चेहरे जवळजवळ सगळे पुरुषांचे. मग बाया कुठे होत्या? त्याही मातीत आहेत, पण कामात. एका भांड्यावर आई बाळाला पाजते आहे. दुसऱ्यावर बाळंतीण बसली आहे, एकीने तिला मागून धरलंय आणि पुढे सुईण बाळ झेलते आहे. पुरुष चेहऱ्याने ओळखू येतो, बाई कामाने.

म्हणून तिथे बाईला मान नव्हता, असं समजायचं का? थांबा. तिथल्याच एल ब्रूहो या ठिकाणी एका तरुण बाईची समाधी सापडली आणि 2006 साली ती जगापुढे आली. अंगावर गोंदण, सोबत सोन्याचे दागिने, गदा आणि भाले फेकायची साधनं. मोचेंमध्ये सत्ता फक्त पुरुषांच्या हाती असायची, हा समज तिने मोडला. म्हणजे नोंद नसली तरी बाई होतीच.

गटाचं काम करताना आम्ही बघतो, बाई स्वतःची ओळखसुद्धा 'अमक्याची बायको, तमक्याची आई' अशीच सांगते. येत्या बैठकीत वहीचं एक पान त्यासाठी ठेवूया. गावातली सुईण, बियाणं जपणारी आजी, गट उभा करणाऱ्या पहिल्या बाया, प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि तिचं काम लिहूया. त्या लोकांकडे लिपी नव्हती. आपल्याकडे आहे.