इंजिन हळू चालवून बघा

भोपाळच्या शिवाजी नगरात आमचं घर. रात्री रहदारी थांबली की राणी कमलापती स्टेशनावरचा भोंगा खिडकीपर्यंत येतो. स्टेशनाचं नाव २०२१ मध्ये बदललं, पण आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी अजून हबीबगंजच. त्याच फलाटावर उभं राहून मी लहानपणी इटारसी शेडची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं पाहिली. मूळ आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा, बांधणी बनारसची, ताकद २६०० अश्वशक्ती, वजन ११३ टनांच्या आसपास. चाकांच्या सहा जोड्या आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र मोटर. अशा मोटरी आमच्या भोपाळच्या ‘भेल’मध्ये बनत आल्या आहेत. काळा धूर सोडत ते धूड इंचाइंचानं हलायचं, आणि मला वाटायचं, हे हलणंच खरं बघण्यासारखं आहे.

आज बोलायचं आहे ते या इंजिनांच्या छोट्या भावंडांबद्दल. एचओ मापाचं मॉडेल म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीवा भाग, आणि त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. डब्ल्यूडीएम-२ या मापात जेमतेम वीस सेंटीमीटरचं होतं. कुणाचा भाचा अमेरिकेहून येताना जुनं डिझेल इंजिन घेऊन येतो, कुणाला माळ्यावर खोकं सापडतं, आणि मग ते माझ्याकडे येतात: काका, हे चांगलं आहे का हो? त्याआधी घरी त्यांनी ते पूर्ण वेगात पळवून पाहिलेलं असतं. पण पूर्ण वेगात बहुतेक इंजिनं चांगलीच वाटतात.

मी आधी इंजिन उलटं करतो. किती चाकं ओढतात आणि किती चाकं रुळांवरून वीज घेतात, हे तिथे कळतं. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत चपटी मोटर एकाच बोगीत, म्हणजे चाकांच्या एकाच चौकटीत, बसवलेली असे. पकड यावी म्हणून काही चाकांना रबर चढवलेलं, आणि रबराचं चाक वीज घेत नाही. असं इंजिन सांध्यावर आलं की अडलंच. याउलट अमेरिकेतल्या अ‍ॅथर्नची निळ्या खोक्यातली इंजिनं बघा. मोटर मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना पितळी फ्लायव्हील, तिथून दोन्ही बोग्यांना दांडे, म्हणजे सगळी चाकं कामाला. दोष एकच, पण त्रासदायक: चाकांचा धातू खरखरीत, त्यावर काळी पुटं चढतात आणि पुढचा दिवा लुकलुकतो. निकेल सिल्व्हरची चाकं घातली की तेच इंजिन सुधारतं. पुढे ऐंशीच्या दशकात अ‍ॅटलस कंपनीनं अल्कोच्या आरएस-३चं मॉडेल जपानच्या काटोकडून बनवून घेतलं. ते इतकं शांत आणि सावकाश चाले की शौकिनांची अपेक्षाच वाढली.

आता माझी खरी परीक्षा. रुळाशेजारी तीस सेंटीमीटरची पट्टी ठेवायची, वीज अगदी कमी करायची आणि घड्याळ बघायचं. एवढं अंतर जायला वीस सेकंद लागले तर मापाच्या हिशेबानं वेग ताशी पावणेपाच किलोमीटर होतो, म्हणजे माणसाच्या चालीचा. या वेगात न अडखळता, गचके न देता जे इंजिन जातं, ते विकत घ्यावं. वरचा रंग उडालेला असला तरी घ्यावं.

याच वेळी कान रुळाशी न्या. जुन्या बाजारातून आणलेलं माझं एक इंजिन चाकाच्या दर फेऱ्याला टक् करायचं. मी दोन दिवस रूळच घासत बसलो. शेवटी बोगीचं खालचं झाकण काढलं, तर प्लॅस्टिकचा गिअर केसभर तडकलेला. धातूच्या आसावर घट्ट बसवलेलं प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत आक्रसतं आणि फाटतं. फटीपाशी दोन दात एकमेकांपासून लांब जातात, आणि तिथेच ठेच लागते. नवा गिअर बसवला, इंजिन सुरळीत झालं. तेव्हा टक् टक् ऐकून लगेच नाही म्हणू नका, फक्त किंमत पाडून मागा.

गुरगुर ऐकू आली तर बहुधा वंगण वाळून मेणासारखं झालेलं असतं. कापसाच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते पुसायचं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल द्यायचं. जास्त तेल मोटरीत उतरतं आणि घाण धरतं. आणखी एक गोष्ट. आजची डिजिटल पद्धत जुन्या अ‍ॅथर्नला बसवणार असाल तर मोटरीचा खालचा ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, हे विसरू नका. तो आधी सांगाड्यापासून वेगळा करा, नाहीतर त्या पद्धतीचा इंजिनातला डीकोडर जळून जाईल.

पुण्याला गेलात तर कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहा. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. मुलांना घेऊन जा, आणि गाडी भरधाव निघाल्यावर टाळ्या वाजवण्याआधी ती स्टेशनातून सुटते कशी, ते डोळे भरून बघा.