साथीला पेटी



जयपूरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी बोलतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. समोर कॅमेरा आहे आणि माझ्या मांडीपाशी पेटी. ती ठेवल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद असे कुठून कुठून तुम्ही हे ऐकाल, असं मला सांगितलंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तरी आठवणार नाही, कारण मी गायकाच्या डाव्या हाताला बसतो आणि तुम्ही गायकाकडे बघत असता. ते बरोबरच आहे. तक्रार नाही.

मी हार्मोनियमची साथ करतो. पोटापाण्यासाठी बँकेत होतो. मूळचा कोल्हापूरचा. १९९६ साली बदली होऊन जयपूरला आलो, तीन वर्षांसाठी म्हणून. अजून इथेच आहे.

कोल्हापूरहून जयपूरला येताना मला मोठी गंमत वाटत होती. अल्लादिया खाँसाहेब याच्या नेमके उलट आले होते. त्यांचा जन्म १८५५चा, उनियाऱ्याचा. जयपूरपासून फार लांब नाही ते. पुढे शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला राहिले आणि १९४६ साली मुंबईत गेले. त्यांच्या घराण्याचं नाव जयपूर-अत्रौली, पण ते वाढलं कोल्हापुरात आणि मुंबईत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी तर गोव्याच्या. मला वाटलं होतं, जयपूरला गेलो की गल्लोगल्ली ही गायकी ऐकू येईल. इथे येऊन पाहतो तर जयपूर घराणं म्हटलं की लोक कथकबद्दल बोलायला लागतात! त्या कथकनंच पुढे मला सुधारलं. ते सांगतो, पण आधी पेटीबद्दल.

हे वाद्य आपलं नव्हे. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये ते जन्माला आलं. पायानं भाता मारायचं, टेबलासारखं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास त्याची हातपेटी केली आणि आपण मांडी घालून बसलो. खुर्चीवर बसणारा माणूस गवयाच्या शेजारी बसू शकत नाही, म्हणून मला हा बदल फार मोठा वाटतो. पण सुरांचा घोळ राहिलाच. एका सप्तकात बारा पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. गवयाची सगळी श्रीमंती त्या मधल्या जागेत. मींड पेटीत निघत नाही. टागोरांना ही पेटी आवडत नसे. १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी केली, आणि साथीपुरती का होईना ती उठायला सुमारे तीस वर्षं गेली.

बंदी घालणाऱ्यांना नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ठेवत नाही. त्यांचा आक्षेप खरा होता. पेटीवाल्यानं तो रोज बसायच्या आधी आठवावा, म्हणजे हात जरा कमी चालतो. गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर ही माणसं मोठी झाली ती याच बारा पट्ट्यांवर, आणि ती ऐकताना मधल्या जागा आपल्याला ऐकू येतात असं वाटतं. ते कसं होतं? बरंचसं भात्यात असतं. लोकांना बोटं दिसतात. डावा हात कोणी बघत नाही.

(इथे वक्त्यांनी एकच सूर धरून भाता हळूहळू कमी करत दाखवला.)

ऐकलंत? सूर तोच आहे, पण विरला. गायक गंधारावरून मींडेनं षड्जावर येतो तेव्हा मधले सगळे सूर मी वाजवले तर ती जिन्यावरून उतरल्यासारखी वाटेल. म्हणून मी गंधार विरवतो, गप्प बसतो आणि तो षड्जावर टेकला की षड्ज हलकेच खाली धरतो. मधली वाट त्याची. साथीचा पहिला नियम हा, की गायक पुढे आणि मी मागे, अगदी केसभर. त्याचा सूर कानात शिरला की मग माझं बोट. वर्षानुवर्षं हेच करायचं.

आता ती रात्र सांगतो.

१९९८चा जानेवारी होता. इथे एका घरी बैठक होती, पन्नासेक माणसं. मुंबईहून एक बाई आल्या होत्या, जयपूर गायकीच्या. नाव सांगत नाही. मी त्यांना ताई म्हणतो, तसंच म्हणू दे. तेव्हा त्या पन्नाशीच्या, आणि आवाज असा की काळी चार पट्टीत तार सप्तकात सहज फिरायचा. इथला ठरलेला पेटीवाला आजारी पडला म्हणून मला बोलावलं. राग कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. तानपुरे मध्यमात लावून घेतले आणि सुरू केलं.

मालकंस वाटत होता. पण या घराण्याच्या गायिकेनं नुसता मालकंस गायलाच पाहिजे असं नाही. यांच्याकडे संपूर्ण मालकंस आहे. मालकंसात नसलेले रिषभ आणि पंचम त्यात येतात. दोनतीन आवर्तनांतच माझ्या लक्षात आलं, कारण रिषभाचा एक पुसट स्पर्श त्यांनी केला. कोल्हापुरात ऐकून ऐकून माझे कान तयार होते. मला इतका आनंद झाला! सभेत कोणालाच कळलं नव्हतं, मला कळलं होतं.

आणि त्या पंचम देईनात. मध्यमापर्यंत यायच्या, धैवताला हात लावायच्या, परत फिरायच्या. एक आवर्तन, दोन आवर्तनं. मग समेवर येऊन त्यांनी श्वास घेतला. गायक श्वास घेतो ती जागा आमची. ती भरायची असते, म्हणजे गायकानं आत्ता जे म्हटलं त्याचा मागचा तुकडा हलकेच म्हणायचा आणि त्याच्या पायाशी ठेवायचा. मी त्या जागेत पंचम वाजवला. नुसता वाजवला नाही, सजवून वाजवला. रिषभासकट.

'वाह!' पुढच्या रांगेतून दाद आली. मला.

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घरातली एखादी वस्तू जागेवर नसली की आपण बघतो ना, तसं. पुढच्याच आवर्तनात त्यांनी पंचम घेतला. सुंदरच घेतला. पण सभेनं तो आधी ऐकला होता. कोणी हललं नाही.

कार्यक्रम झाल्यावर मी नमस्कार करायला गेलो. त्या म्हणाल्या, 'तुमचा हात तयार आहे.' बस. मी ते कौतुक समजून घरी आलो आणि बायकोला सांगितलंसुद्धा. आठवड्यानं तबल्याला असलेले इथले उस्ताद बाजारात भेटले. त्यांना विचारलं, कशी झाली बैठक? ते हसून म्हणाले, 'भाईसाहब, उनका पंचम तो आप खा गए।'

मी वाजवलं ते चूक नव्हतं, बेसूर नव्हतं, रागाबाहेरचंही नव्हतं. अर्धा तास राखून ठेवलेली गोष्ट मी तिच्या आधी उघडली, आणि ती सुद्धा मला माहीत आहे हे दाखवायला. पुढे बरीच वर्षं ताई जयपूरला आल्या की दुसरा पेटीवाला असायचा. मी श्रोत्यांत बसायचो.

त्याच काळात मला कथकचं काम मिळालं. नाचाला किंवा तबल्याच्या एकल वादनाला जो लेहरा लागतो, इथे त्याला नगमा म्हणतात, तो धरायचा. एका आवर्तनाची, सोळा मात्रांची छोटीशी धून. ती वाजवायची, पुन्हा वाजवायची, पुन्हा. चाळीस मिनिटं. समोर नर्तक तिपटीत जातो, आडात जातो, चकरा घेतो, आणि सगळं फिरून तिहाई बरोबर समेवर टाकतो. सम कुठे आहे हे त्याला फक्त माझ्या धुनेवरून कळतं. त्याचा जोर बघून मी वाढलो की त्याची तिहाई पडली. पहिल्या दिवशी तालमीत चक्करांना मला इतका जोर चढला की मी धुनेत एक हरकत घेतली. गुरुजी हात वर करून थांबले. 'नगमा सीधा रखिए, भाईसाहब। घड़ी भी कभी नाचती है?'

घड्याळ व्हायचं! कोल्हापुरातले मित्र हसले असते. पण पाचसहा वर्षं मी ते केलं. सुरुवातीला बोटं शिवशिवायची. मग एक दिवस लक्षात आलं की पूर्वी न ऐकलेल्या गोष्टी मला ऐकू यायला लागल्यात. घुंगरांतला डावा-उजवा पाय, तबल्याचा बायाँ कुठे दाबला जातोय, नर्तकीचा श्वास. बोटांना काम नसलं की कान मोकळे होतात.

इंग्लंडमध्ये जेराल्ड मूर म्हणून पियानोची साथ करणारे होते. फिशर-डीस्काऊ, श्वार्झकॉफ असल्या मोठ्या गायकांबरोबर आयुष्य घालवलं. १९६७ साली लंडनला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा हे गायक त्यांच्यासाठी येऊन गायले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव काय असावं? 'ॲम आय टू लाउड?' म्हणजे, माझा आवाज जास्त होतोय का? ते नाव मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जागीच हसलो, आणि मग जरा लाजलो. पियानोची साथ वेगळी. तिथे स्वरलेखन समोर असतं, साथीदाराचा भागही संगीतकारानं लिहिलेला असतो. आमच्याकडे काहीच लिहिलेलं नाही. पण प्रश्न तोच. इकडे जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार गायक स्वतःच पेटी घेऊन गातात, त्यांना हा प्रश्नच येत नाही. कधी कधी हेवा वाटतो.

पैशाचं थोडं बोलतो, कारण तरुण मुलं विचारतात. साथीवर घर चालत नाही, निदान जयपुरात माझं चाललं नसतं. पत्रिकेत नाव सगळ्यात खाली, कधी 'साथसंगत' एवढंच आणि नावच नाही. एका आयोजकांनी तर माझ्या मानधनातून माझ्याच रिक्षाचे पैसे कापले होते. नोकरी होती म्हणून हसू आलं. ज्याला नोकरी नाही त्यानं आधी मानधन ठरवून घ्यावं, लेखी, आणि लाजू नये. पेटीची देखभालही असते. इथल्या मे महिन्यात लू सुटली की वाळूची बारीक धूळ सुराखाली जाऊन बसते आणि ऐन बैठकीत एखादी पट्टी मुकी होते. मी खिशात पातळ पत्र्याचा तुकडा ठेवतो. दोन मिनिटांत सूर बोलता होतो.

तर २०११ साली ताई पुन्हा आल्या. ठरलेले पेटीवाले अडकले होते. आयोजकांनी भीत भीत माझं नाव सांगितलं. त्या म्हणे म्हणाल्या, 'येऊ दे.' पट्टी आता पांढरी पाच होती. मी काही विशेष केलं नाही. म्हणजे खरंच केलं नाही. मागे राहिलो. बैठक संपल्यावर त्यांनी विचारलं, 'तू मधे कुठे होतास रे?' मी सांगितलं, लेहरा धरत होतो. पूर्वी त्या मला तुम्ही म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून इकडे आल्या की मीच असतो. २०१९ साली आल्या तेव्हा सत्तरी उलटलेली, पट्टी काळी तीन. श्वास पुरत नव्हता. या गायकीत लांब आकाराची एक तार असते, ती तुटता कामा नये. त्या श्वासाला थांबल्या की त्यांनी सोडलेला सूर मी तसाच धरून ठेवायचो, त्याच वजनाचा, म्हणजे श्रोत्यांना खंड कळू नये. अंतऱ्यात तार षड्ज यायचा होता. तालमीत दोनदा तो निसटला होता. त्या निषादावर आल्या आणि मी तार षड्जाची पट्टी आधीच दाबली. भाता जवळजवळ बंद, फक्त त्यांच्या कानाला लागेल एवढीच आस. त्या त्या सुरावर गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग मी हात काढून घेतला.

हेच मी १९९८ साली केलं होतं, गायिकेच्या आधी सूर. या वेळी पुढच्या रांगेतून कोणी वाह म्हटलं ते ताईंना म्हटलं. ताईंनी वळून पाहिलं नाही.

या हिवाळ्यात त्या पुन्हा येताहेत, बहुधा शेवटच्या. तसं त्याच म्हणतात. मागच्या आठवड्यात फोन आला. 'पांढरी चार लावून ठेव,' म्हणाल्या, 'आता काळी तीन झेपत नाही.' माझी पेटी स्केल चेंजर आहे, पट्ट्यांची फळी एक घर सरकवली की झालं. मी म्हटलं, ठेवतो. मग धीर करून विचारलं, ताई, राग कुठला गाणार?

'तिथे बसलास की कळेल,' म्हणाल्या, आणि फोन ठेवला.