काचेची तार आणि ट्रकचं वजन

रिसोडला रेल्वे नाही. सोयाबीन, तूर, खत, सिमेंट, सगळं ट्रकवर. आणि ट्रक किती भरलाय हे काट्यावर चढवल्याशिवाय कळत नाही. काटा चुकवला की झालं!

अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये भरलेले ट्रक मुद्दाम फिरवून रस्त्यांची चाचणी झाली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढतं. आपल्याकडे चार टायरच्या एक्सलला २०१८ पासून मर्यादा ११.५ टन. त्यावर १५ टन टाकले तर वजन तीसेक टक्केच जास्त, पण नुकसान जवळपास तिप्पट.

आता ग्रामपंचायतीत नेट आणणारी ती काचेची तार घ्या. तिच्या गाभ्यात अतिनील किरणांनी अगदी जवळजवळ बारीक पट्टे उमटवतात. याला ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. प्रकाश सोडला की हे पट्टे एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतात. तार रस्त्यात पुरली, वरून चाक गेलं, तार कणभर ताणली, पट्ट्यांमधलं अंतर वाढलं, की परत येणारी तरंगलांबी सरकते. किती सरकली त्यावरून वजन. ट्रक थांबवायची गरज नाही, आणि रस्त्यातल्या सेन्सरला करंटही लागत नाही. लोडशेडिंगवाल्यांनो, ऐकताय ना?

पण खरी गंमत उन्हाची आहे. तार एक दशलक्षांश भागानं ताणली तर तरंगलांबी साधारण १.२ पिकोमीटर सरकते, आणि नुसतं एक अंश तापमान वाढलं तरी १० पिकोमीटर! म्हणजे वैशाखातली दुपार मशीनला ट्रकसारखीच दिसणार. उपाय सोपा आहे. शेजारी दुसरं ग्रेटिंग सैल ठेवायचं, त्याला ऊन लागतं पण भार लागत नाही. त्याचा आकडा वजा करायचा.

दुसरी अडचण आपल्या रस्त्यांची. खड्ड्यातून आलेला ट्रक उसळतो, आणि उसळत्या चाकाचं वजन कधी जास्त, कधी कमी दिसतं. म्हणून एकामागे एक अशा बऱ्याच तारा टाकून सरासरी काढतात, आणि आधीचा रस्ता सपाट लागतो. म्हणजे खराब रस्ता वाचवायला आधी चांगला रस्ता पाहिजे, घ्या! प्रकाश वाचणारं यंत्रही महागच आहे, त्यामुळे हे प्रत्येक फाट्यावर बसणार नाही.

जादा भाराला दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. कायद्यात गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही धरलाय, पण रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हर. म्हणून मला विचाराल तर पहिली तार मार्केट यार्डाच्या गेटातच टाकावी आणि आकडा मोठ्या बोर्डावर दाखवावा. माल भरणारा तेव्हा तिथंच उभा असतो, आणि दोन पोती उतरवायला हमालही.