पिस्टनचा आवाज आणि तेलाची वाट



सोलापूरकरांना यंत्राचा आवाज ओळखावयास शिकविणे म्हणजे एका अर्थी धाडसच होय. आपल्या पूर्वभागातील विणकर भिंतीपलीकडे माग चालू असता धोटा नीट धावतो की अडखळतो, हे डोळ्यांनी न पाहता सांगतो. परंतु हीच कानाची विद्या घरातील मोटारसायकलला लावावी, हे मात्र आपल्याला सुचत नाही. इंजिन वाजू लागले की आपण ते गॅरेजच्या दारात नेऊन सोडतो आणि तेथे जो उपाय सांगितला जाईल तो मुकाट्याने मान्य करतो. म्हणून आज एकाच प्रश्नाचा विचार करावयाचे योजले आहे. जुने इंजिन उघडून, अधिक शक्तीसाठी नवा पिस्टन घालून पुन्हा बांधले आणि ते खडखडू लागले, तर त्या आवाजाचा अर्थ काय घ्यावा? आणि तेल पिस्टनपर्यंत पोहोचते की नाही, ही शंका कशी फेडावी?

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे. तथापि बिडाच्या सिलिंडरची बुलेट मी अनेक वर्षे स्वतःच्या हाताने सांभाळली आहे, आणि आजचे उदाहरण तिचेच घेतो. ही गाडी मद्रासेस १९५५ पासून जुळविली जाऊ लागली. तिचे जुने साडेतीनशेचे इंजिन म्हणजे ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर व ९० मिलिमीटरची धाव. गुणाकार केल्यास ३४६ घन सेंटिमीटर भरतात. त्या जातीचे इंजिन आता कारखान्यात तयार होत नाही. परंतु वडिलांची बुलेट मुलाने काढावी, तिला घडीव पिस्टन व मोठा कार्ब्युरेटर बसवावा आणि पुण्याच्या रस्त्यावर तिची परीक्षा घ्यावी, ही हौस कित्येक घरांत दिसते. हौसेला माझा विरोध नाही. पण एक गोष्ट आईबापांनी ऐकून ठेवावी. भर वेगात पिस्टन सिलिंडरमध्ये जखडला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन सीझ झाले, तर मागील चाक तेथल्या तेथे अडते. त्या क्षणी क्लच दाबला गेला नाही तर स्वार रस्त्यावर फेकला जातो. तेव्हा हा प्रश्न केवळ कानाला होणाऱ्या त्रासाचा नाही.

आता पिस्टन वाजतोच का? पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. शाळेतील त्रैराशिकाइतकेच सोपे गणित करून पाहू. घडीव पिस्टनची धातू प्रत्येक अंशाला सुमारे बावीस दशलक्षांश वाढते, बीड अकरा दशलक्षांश. समजा, पिस्टनचा घेर १२० अंशांनी तापला आणि सिलिंडर ९० अंशांनी. तर ७० मिलिमीटरचा पिस्टन सुमारे ०.१८५ मिलिमीटर वाढेल आणि सिलिंडर ०.०७. म्हणजे दोहोंमधील फट सुमारे ०.१२ मिलिमीटरने कमी झाली. मूळच्या ओतीव पिस्टनमध्ये सिलिकॉन अधिक असते व तो कमी फुगतो. एकोणीस दशलक्षांश धरले तर तीच घट ०.०९ येते. फरक केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण यंत्राच्या जगात केसाएवढी जागा म्हणजे मोकळे मैदान. घडीव पिस्टनला म्हणूनच थंडपणी अधिक फट द्यावी लागते, आणि ती फट आहे तोवर पिस्टन किंचित कलंडून भिंतीवर थापट मारतो. सकाळी इंजिन सुरू करताच येणारा आणि गाडी तापली की विरणारा खटखटाट हा असा असतो. तो दोष नव्हे. तो मुळीच येऊ नये म्हणून फट कमी ठेवावयास सांगणारा गिऱ्हाईक सीझ होण्यालाच आमंत्रण देतो.

उलट जो आवाज तापल्यावरही राहतो, किंबहुना वाढतो, त्याची चौकशी केलीच पाहिजे. चौकशी कशी करावी? लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक सिलिंडरला लावावे, मूठ कानाशी धरावी आणि ऐकावे. वरच्या बाजूस हलकी टिकटिक असेल तर बहुधा टॅपेट सैल आहेत. बुलेटचे टॅपेट इंजिन थंड असताना असे लावतात की पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. चढावर, कमी वेगात थ्रॉटल उघडताच डब्यात खडे हलविल्यासारखा आवाज आला तर तो पिस्टनचा नव्हेच. पेट्रोल अकाली भडकत आहे. या इंजिनाचे मूळ दाबप्रमाण बेताचेच होते. ते वाढविले आणि ठिणगीची वेळ जुनीच ठेवली तर हे होणारच, आणि त्याने पिस्टनचे डोके जळते. खालून जड, घणासारखा ठोका थ्रॉटल सोडताना येत असेल तर कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक, म्हणजे बिग एंड, संशयित धरावे आणि इंजिन पुन्हा सुरू करू नये.

पिस्टनच वाजतो की नाही, याची एक जुनी खूण आहे. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर जाड तेल सिलिंडरमध्ये सोडावे, इंजिन हाताने फिरवून ते भिंतीला लागू द्यावे आणि मग सुरू करावे. आवाज क्षणभर दबला व पुन्हा आला, तर गुन्हा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फटीचाच.

यावरून कोणी म्हणेल, मग इंजिनातच जाड तेल का भरू नये? माझ्या एका माजी विद्यार्थ्याला त्याच्या गॅरेजवाल्याने हाच सल्ला दिला होता. इंजिन नुकतेच बांधलेले, तापल्यावर आवाज वाढे. उपाय सांगितला, की दाट तेल घाला, आवाज बसेल. आवाज बसला असताही. परंतु तापलेला रोगी कण्हतो म्हणून त्याच्या तोंडावर उशी दाबावी, त्यातला हा प्रकार होय. दाट तेल सकाळी पंपाला ओढवत नाही, बारीक वाटांतून उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची झीज सुरुवातीच्या त्या काही क्षणांतच फार होते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो हे खरे, पण त्यासाठी शिफारस असलेले वीस-पन्नासचे तेल पुरे आहे.

त्या मुलाने टाकीचे बूच उघडून परतीचे तेल येताना पाहिले होते, आणि तेवढ्यावर तो निश्चिंत होता. येथेच पुष्कळजण फसतात. बुलेटमध्ये तेलाचे दोन पंप असतात: एक तेल टाकीतून फिल्टरमार्गे क्रँकशाफ्टच्या पोटात ढकलतो, तेथून ते बिग एंडला जाते, दुसरा खाली साठलेले तेल उचलून टाकीत परत नेतो. सिलिंडरच्या भिंतीला मिळते ते तेल बिग एंडमधून उडालेले. जुन्या इंजिनात बिग एंडला फिरते बुश असते, आणि रोलर बेअरिंगहून त्याची तहान मोठी. आता टायमिंगच्या झाकणातून तेल क्रँकशाफ्टच्या टोकात शिरते तेथे बुचाचे एक लहानसे सील असते. ते चेपले, झिजले किंवा पुन्हा जोडताना जुनेच बसविले, तर तेल शाफ्टात न जाता बाहेर सांडते, खाली उतरते, आणि परतीचा पंप ते इमानाने टाकीत नेऊन टाकतो. पाहणाऱ्याला वाटते, तेल छान फिरते आहे. वास्तविक बिग एंड आणि पिस्टन दोघेही उपाशी असतात!

झाकण उघडले तेव्हा ते सील असेच चपटलेले निघाले. त्याची किंमत पिस्टनच्या मानाने काहीच नाही. नशिबाने बुश शाबूत होते आणि सिलिंडरवर थोड्या उभ्या रेघा तेवढ्या उठल्या होत्या. आठवडाभर आणखी दाट तेलावर गाडी चालली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

म्हणून बांधलेले इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी सील नवे घालावे आणि फिल्टर त्याच्या स्प्रिंग-वॉशरांसह क्रमाने बसला आहे ना ते पाहावे. मग प्लग काढून, तेल रॉकरच्या नळ्यांच्या सांध्याशी दिसेपर्यंत किक मारीत राहावे.

धुराविषयी थोडेसे. निळा धूर म्हणजे तेल जळते. थ्रॉटल सोडून उतारावरून आल्यानंतर पुन्हा उघडताच लोट निघाला तर व्हॉल्व्हचे गाइड झिजले असावेत; जोर लावताना सतत निघाला तर रिंगा. नव्या बोअरमध्ये पहिले काही किलोमीटर थोडा धूर क्षम्य आहे. मात्र नवे इंजिन दारात उभे करून तासभर मंद चालवीत ठेवू नये. त्याने भिंत काचेसारखी गुळगुळीत होते व रिंगा कधीच बसत नाहीत. हलका भार, कमी-अधिक वेग, मध्ये विश्रांती, आणि पहिले तेल लवकर बदलणे, ही रीत बरी.

आणि माप घ्यावयाचे ते स्वतः उभे राहून घेऊ द्यावे. ज्या शहरात कॅमशाफ्ट घडून परदेशी जातात आणि इंजिनांचे ब्लॉक ओतले जातात, तेथे मायक्रोमीटर चालविणारा हात मिळणे अवघड नाही. पिस्टन गजन पिनच्या काटकोनात, खालच्या घेराशी मोजावा, कारण तो मुद्दाम किंचित लंबवर्तुळाकार केलेला असतो; पिनच्या रेषेत मोजल्यास फट खोटी मोठी दिसते. सिलिंडर वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी मोजावा. फट किती, हे पिस्टन करणाऱ्याच्या कागदावर छापलेले असते. बोअर करणाऱ्याकडे जाताना तो कागद आणि तोच पिस्टन, दोन्ही बरोबर न्यावीत.