अंगणवाडीची इमारत आणि गावाचा वाटा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात सादर झालेले भाषण)

स्वयंपाक उरकून, नाहीतर शेतावरून येऊन रेडिओजवळ बसला असाल. आज जरा पैशाचं बोलायचं आहे. घरखर्चाचं नाही, अंगणवाडीच्या खोलीचं.

कुठे अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरते, कुठे कुणाच्या पडवीत, कुठे भाड्याच्या खोलीत. देवळात सप्ताह बसला की पोरांना सुट्टी. घरमालकाकडे लग्न निघालं की पोरांना सुट्टी. पावसात पत्रा गळायला लागला की वजनकाटा एका कोपऱ्यात, पोरं दुसऱ्या कोपऱ्यात. आपण म्हणतो, सरकार खोली बांधत नाही. सरपंच म्हणतात, वरून निधी आला की बघू. आणि वरचे विचारतात, गावाचा प्रस्ताव कुठे आहे? या तिघांच्या मध्ये तीन वर्षांचं पोर सहा वर्षांचं होतं आणि पहिलीत जातं. त्याची अंगणवाडी तशीच संपते.

मुद्दा असा आहे की या कामाचा पैसा एका खिशातून येत नाही. तो तीन खिशांतून येतो, आणि त्यातला एक खिसा आपल्या ग्रामपंचायतीचा आहे. सरकारी भाषेत याला अभिसरण म्हणतात, कुणी मॅचिंग ग्रँट म्हणतं. आपण भिशीवाल्या बाया, आपल्याला हे समजायला अवघड नाही. सगळ्यांनी आपापला वाटा टाकल्याशिवाय भिशी उघडत नाही, तसंच हे.

आता आकडे ऐका. जमलं तर लिहून घ्या. सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० या योजनेत २०२२ पासून अंगणवाडीच्या एका इमारतीचा खर्च १२ लाख रुपये धरला आहे. आधी तो ७ लाख होता. या १२ लाखांपैकी ८ लाख रोजगार हमीतून यायचे. २ लाख महिला व बालविकास विभागाकडून, त्यात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा. राहिलेले २ लाख वित्त आयोगाच्या निधीतून किंवा दुसऱ्या एखाद्या अबंधित निधीतून. वित्त आयोगाचा हा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. म्हणजे ग्रामपंचायतीनं २ लाख ठेवले तर बाहेरून १० लाख येण्याची वाट मोकळी होते. आपल्या एका रुपयामागे पाच रुपये! आणि आपला रुपया ठेवलाच नाही, तर प्रस्ताव अर्धवट म्हणून पडून राहतो.

आता सरपंच म्हणतील, पंचायतीकडे पैसा नाही. भांडू नका, हिशेब विचारा. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच. ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे. त्या हिशेबानं गावाला वर्षाला १० लाख आले, तर ४ लाख अबंधित होत. मग विचारायचं, भाऊसाहेब, अबंधित पैशात यंदा काय काय धरलं आहे? उत्तरात बहुतेक पेव्हिंग ब्लॉक निघतील, नाहीतर कुणाच्या तरी दारापर्यंतचा रस्ता. रस्ता नको असं आपण म्हणत नाही. पण रस्ता पुढच्या वर्षी झाला तरी रस्ताच राहतो, पोर मात्र पुढच्या वर्षी तेवढंच राहत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य सभेत सांगायला विसरू नका.

दुसरा एक पैसा आहे, त्याची बऱ्याच जणींना माहिती नसते. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम फार मोठी नसते, त्यातून इमारत होणार नाही. पण सतरंज्या, खेळणी, बुटकी कपाटं, असं सामान त्यातून होतं. गेल्या वर्षी ते १० टक्के कशावर गेले, एवढंच विचारा. शौचालय आणि पाण्याची सोय वेगळी धरलेली आहे. अंगणवाडीच्या शौचालयाला ३६ हजार आणि पिण्याच्या पाण्याला १७ हजार, असा दर आहे.

आता अर्ज कसा करायचा? सुरुवात कागदानं नाही, मोजणीनं करा. अंगणवाडीताई आणि मदतनीस ताईंना बरोबर घ्या. शून्य ते तीन वर्षांची किती, तीन ते सहाची किती, गरोदर आणि स्तनदा माता किती, हे त्यांच्या रजिस्टरला असतंच. त्यापुढे आपण चार गोष्टी लिहायच्या. सध्या अंगणवाडी कुठे भरते, गेल्या वर्षी जागेमुळे किती दिवस बंद राहिली, वाटेत रस्ता, विहीर किंवा ओढा आहे का, आणि आहार कुठे शिजतो. एक पान पुरे. साहेबाला दहा पानं वाचायला वेळ नसतो, आणि एक पान नाकारायला कारण लागतं.

मग जागा. निम्मे प्रस्ताव इथेच अडकतात. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी आणि तसा उतारा हवा. शाळेच्या आवारात मोकळी जागा असेल तर फारच चांगलं, मोठ्या भावाबहिणीचा हात धरून पोर येतं. कुणी दानशूर म्हणाले, माझी दोन गुंठे घ्या, तर हार घाला, पण बक्षीसपत्र नोंदवून घ्या. तोंडी शब्द आजच्या माणसाचा असतो. उद्या त्याच्या मुलांनी हरकत घेतली तर भिंती अर्ध्यावर राहतील.

नंतर ठराव. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा कायदा आहे. ती कागदावर होऊ देऊ नका, खरी घ्या. चहा करा, पण इतिवृत्तही लिहा. ठराव मोघम नको. 'अंगणवाडीस इमारत मिळावी' एवढंच लिहिलं तर ती नुसती इच्छा झाली. असं लिहा: 'अंगणवाडी क्रमांक अमुक हिच्या इमारतीसाठी गट क्रमांक तमुक येथील जागा निश्चित करण्यात येत आहे. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून २ लाख रुपये गावाचा वाटा म्हणून आराखड्यात धरण्यात यावेत. सदर काम रोजगार हमीच्या वार्षिक आराखड्यात घेण्यात यावे.' यात जागा आहे, आकडा आहे आणि दोन्ही आराखड्यांचं नाव आहे. खाली सूचक आणि अनुमोदक बायाच असू द्या.

हाच ठराव मग ग्रामसभेत मांडायचा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातली कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. गावातल्या बचत गटांनी ठरवलं तर निम्मी गणपूर्ती आपणच करतो. सभा संपल्यावर ठरावाची सत्यप्रत मागा. 'लिहिलंय ना ताई' यावर घरी जाऊ नका.

पुढचा प्रवास असा. शाखा अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतात. मग तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता. प्रस्तावाची एक प्रत पंचायत समितीत, एक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक ठिकाणी पोहोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख पाहा. पुढच्या वेळी गेलात की 'आमच्या अर्जाचं काय झालं' असं विचारू नका. 'अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे' असं विचारा. प्रश्न तोच, उत्तर वेगळं मिळतं.

मैत्रिणींनो, रोजगार हमीबद्दल एक सांगते. हे काम मजुरीचं आहे. 'गावाचं काम आहे, श्रमदान करा' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. नमुना ४ भरून काम मागा, पोहोच घ्या, हजेरीपटावर नाव लावा. आणि लेकरं घेऊन बाया कामावर आल्या आणि लहान मुलं पाच किंवा जास्त असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, तिलाही मजुरी द्यायची, असा नियम आहे. अंगणवाडी बांधणाऱ्या आईचं पोर उन्हात रडू नये.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वाटा घालण्याची पद्धत चांगली, पण एक वाटा अडला की सगळं अडतं. पाळणाघरांचं तेच झालं. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ३० आणि संस्थेचा १० टक्के झाला. त्याआधी केंद्र ९० टक्के देत होतं. वाटे बदलले, पैसा वेळेवर येईना, आणि बरीच पाळणाघरं बंद पडली. बंद पडली म्हणजे काय झालं? मजुरीला जाणाऱ्या बाईनं थोरल्या मुलीला शाळेतून काढलं आणि धाकट्याला तिच्या कडेवर दिलं. म्हणून मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटून थांबायचं नाही. रोजगार हमीच्या साहित्याची बिलं अनेकदा उशिरा निघतात, तेव्हा पायाच्या वर काम न सरकण्याची भीती असते. दर महिन्याला बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं या कामाला द्या. किती झालं, कुठला हप्ता राहिला, कुणाला विचारायचं, एवढंच.

ज्या पंचायतीचं उत्पन्नच तुटपुंजं आहे, जिथे वाडी-वस्ती डोंगरात आहे, तिथे २ लाखही जड जातात. तिथल्या मैत्रिणींनी गप्प बसू नये. पंधराव्या वित्त आयोगात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही प्रत्येकी १० टक्के हिस्सा मिळत होता. आपल्या गणाच्या आणि गटाच्या सदस्यांकडे हाच ठराव घेऊन जा. ग्रामपंचायत एक लाख धरते, उरलेला एक तुम्ही धरा, असं सांगा. आपला एक लाख कागदावर दिसला की समोरच्यालाही हात आखडता घेणं अवघड जातं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. पोरं जिथे होती त्या अंगणात शाळा नेली. ते त्या काळाचं मोठेपण. पण आज पैसा ठरलेला आहे, दर ठरलेला आहे, तेव्हा आपल्या पोरांनी गळक्या पत्र्याखाली बसण्यात कसलंच मोठेपण नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होतं. त्या आराखड्यात आपलं नाव नसेल तर वर्षभर कितीही चकरा मारा, उत्तर एकच येईल, आराखड्यात नाही. म्हणून त्याआधी महिला सभा, त्याआधी मोजणी, आणि मोजणीला उद्या सकाळी अंगणवाडीच्या वेळेला सुरुवात. शेजारच्या दोघींना बरोबर घ्या. एकटी गेली तर तक्रार वाटते, तिघी गेल्या तर मागणी वाटते.