सेनानायकाचा जीव कोणाचा?
(किनवट येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या शेजारच्या माहूरची रायबागन १६६१ मध्ये मोगलांच्या बाजूने उंबरखिंडीत होती. कारतलबखान कोंडीत सापडल्यावर शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. समोर शिवाजी महाराज स्वतः उभे होते. कवच धारण केलेले, अश्वारूढ, असे ‘शिवभारता’त वर्णन आहे. यातला ‘कवच’ हा शब्द आपण सहज वाचून पुढे जातो.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अंगरख्याखाली चिलखत होते, मंदिलाखाली शिरस्त्राण होते, जिवा महाला शेजारी होता. आणि निघण्यापूर्वी, आपले बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे, याची निरवानिरवही झाली होती. ज्याला मरणाचे भय आहे तो अशी निरवानिरव करीत नाही. तो भेटीलाच जात नाही. याच महाराजांनी १६६३ मध्ये लाल महालात रात्री स्वतः प्रवेश केला.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडताच भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत घुसले. त्यांच्या शौर्याला बोट लावण्याची माझी योग्यता नाही. पण रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हेही खरे.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटतो तो १६८९ चा रायगड. मार्चमध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झालेली, गडाला मोगलांचा वेढा पडू लागलेला. सर्वांनी एकत्र राहून लढावे, असे कोणालाही वाटले असते. येसूबाईंनी विचार वेगळा केला. राज्याचे सर्व वारस एकाच गडावर सापडले तर राज्यच संपेल. म्हणून राजाराम महाराजांनी बाहेर पडावे. एप्रिलमध्ये ते निघाले आणि पुढे दूर जिंजीला पोहोचले. जिंजी घेण्यात मोगलांची जवळजवळ आठ वर्षे गेली. १६९८ मध्ये ती पडली, तेव्हा छत्रपती तेथून आधीच निसटले होते. कोणी याला पळ म्हणतात. म्हणोत! औरंगजेबाला दक्षिणेत अडकवून ठेवणारा राजा जिवंत होता.

मात्र या सुरक्षिततेचे मोल येसूबाईंनी दिले. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. बाल शाहूराजांसह त्या कैदेत गेल्या. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटले. येसूबाई महाराष्ट्रात परतल्या त्या १७१९ मध्ये.